टॉनिकचा डबा की बाजाराची पिशवी?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दवाखान्यात एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. नवरा मार्केट यार्डात हमाल, त्या स्वतः शेतमजुरीला जातात, घरात दोन मुले. तक्रार नेहमीचीच. ‘‘डॉक्टरसाहेब, पोरगं काही खात नाही, अंगाला लागत नाही. चांगलं टॉनिक लिहून द्या.’’

मुलाला तपासले. किरकोळ सर्दी सोडली तर त्याला फारसे काही नव्हते. हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पदार्थाचे पाकीट होते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी असे एक पाकीट आणि मग जेवणाच्या वेळी भूक नाही, असा त्याचा दिवस. माझे लक्ष मात्र त्याच्या आईकडे गेले. चेहरा पांढरा, नखे फिकट, दोन पायऱ्या चढून आल्या तरी धाप. त्यांचे रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन निघाले 7.8. बाईमाणसाला ते किमान 12 हवे. घरातला खरा रोगी टॉनिक मागायला आला होता, पण दुसऱ्यासाठी!

वाचकहो, ही एका घराची कथा नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला.

मी नेहमीप्रमाणे व्याख्यान सुरू केले. डाळी खा, पालेभाज्या खा, अंडी खा, फळे खा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं बरोबर आहे. पण रेशनचा गहू-तांदूळ सोडला तर बाजाराला आठवड्याचे तीनशे रुपये निघतात. तीनशेत काय काय आणू, ते कागदावर लिहून द्या.’’

खरे सांगतो, मला लिहून देता आले नाही. तेल आणि साखर भरलेली पाकिटे खाऊ नका, असे सांगणे सोपे आहे. डाळीचा भाव किती, हे आमच्यासारख्यांना ठाऊक नसते. पिशवी घेऊन बाजारात जाणारी व्यक्ती घरात वेगळी असते. मी त्यांना म्हटले, ‘‘ताई, येत्या बाजारानंतर या. कागद तयार ठेवतो.’’

त्या आठवड्यात मी स्वतः पिशवी घेऊन आठवडी बाजारात गेलो. त्या दिवशीच्या भावाने झालेला हिशेब देतो. शेंगदाणे अर्धा किलो, 70 रुपये. मटकी अर्धा किलो, 55. हरभरा डाळ अर्धा किलो, 45. मेथी, शेपू आणि तांदुळजा मिळून चार जुड्या, 40. अंडी सहा, 42. पाव किलो गूळ, 15. लिंबे, 10. पेरू अर्धा किलो, 20. एकूण 297 रुपये. तेल, मीठ, कांदे महिन्याच्या किराण्यातले धरले. तीन रुपये उरले, त्याची भाजीवालीने कोथिंबीर दिली.

आता यातून शरीराला काय मिळाले ते पाहू. 100 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, मटकीत 23, हरभरा डाळीत 20 आणि एका अंड्यात 6. सगळ्याची बेरीज करून चार माणसे आणि सात दिवस असा भागाकार केला, तर माणशी रोज 13-14 ग्रॅम प्रथिने येतात. उरलेली तीसेक ग्रॅम पोळी-भातातून मिळतात. 55 किलो वजनाच्या माणसाची रोजची गरज साधारण 45 ग्रॅम. म्हणजे काटकसरीने का होईना, गाडी रुळावर येते. शिवाय धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातली उणीव दुसरी भरून काढते. आपल्या आजीने वरणभात आणि पिठलं-भाकरी हे जोड उगाच नाही घातले.

आता दुसरा हिशेब. त्या घरात दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांचे एकेक पाकीट लागे. आठवड्याचे झाले 70 रुपये, म्हणजे नेमके अर्धा किलो शेंगदाण्याचे. त्याखेरीज महिन्याला अडीचशेच्या आसपास किमतीचा, दुधात घालायच्या पावडरीचा डबा. तेवढ्या पैशांत पस्तीस अंडी येतात. पाकीट आणि डबा हे दोन्ही मुलांच्या मायेपोटीच घेतले जात होते, ही यातली वाईट वाटणारी गोष्ट. जाहिरातीतले मूल झटक्यात उंच होते. आईला वाटते, आपल्याला परवडत नाही म्हणून आपले मूल मागे पडायला नको. डब्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते एकदा वाचा. साखरेचा आकडा पाहून डोळे उघडतील. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना, अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकू नका, असे बजावले. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची व्याख्याच नाही!

इथे माझ्याच व्यवसायाचेही कान धरले पाहिजेत. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मीही टॉनिकच्या बाटल्या लिहिल्या आहेत. पेशंट मागतो, न लिहिले तर ‘या डॉक्टरला काही कळत नाही’ म्हणून शेजारच्या दवाखान्यात जातो. अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घेणारे तर रोज येतात. सलाईनच्या एका बाटलीत ताकद ती किती? मीठ-पाणी किंवा थोडी साखर. त्या पैशांत आठवडाभर घरातल्या सगळ्यांना मटकीची उसळ होते. हे मी पेशंटला सांगायला हवे होते ते पुष्कळदा सांगितले नाही. ती चूक आता या सदरातून फेडतो आहे.

महाग ते पौष्टिक, ही समजूत आपल्या हाडात मुरली आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो. पेरू न्यायला लाज वाटते. पण 100 ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि सफरचंदात जेमतेम काही मिलिग्रॅम. बदाम परवडत नाहीत म्हणून हळहळू नका, शेंगदाणे त्यांच्याच पंक्तीत बसतात. कॅल्शियमसाठी नाचणी पाहा, 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून अधिक. बाजरीत लोह सुमारे 6 मिलिग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात एकाहून कमी. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा शहरांत बाजरीची बिस्किटे निघाली. आपल्याकडे काखेत कळसा असताना गावाला वळसा! अर्थात ज्वारी-बाजरी आता पूर्वीइतकी स्वस्त राहिलेली नाही, हे मी बाजारात पाहिले. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस बाजरीची भाकरी करा, तेही पुष्कळ झाले.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. मटकी, मूग, हुलगे भिजवून मोड आणा; क जीवनसत्त्व वाढते आणि पचायलाही हलके जाते. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा; चिरून धुतली की जीवनसत्त्वे मोरीत जातात. उसळीवर, भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. भाजी लोखंडी कढईत करा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नका. चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. तास-दीड तास थांबा. शेंगदाणे बुरशी आलेले, कडवट असतील तर सरळ फेका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट किंवा लाडू करून द्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी-दाण्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एक गैरसमज मात्र नको. हिमोग्लोबिन 7.8 असताना नुसत्या मेथीने भागत नाही. लोहाच्या गोळ्या लागतातच. त्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. जंतांचे औषधही तिथेच मिळते. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई किंवा लहान मूल असेल तर अंगणवाडीचा आहार हक्काने आणा.

आणि ज्यांच्याजवळ तीनशे रुपयेही नाहीत त्यांचे काय? त्यांना काटकसरीचे धडे देणे म्हणजे जखमेवर मीठ. रेशनवरचे धान्य जानेवारी 2023 पासून मोफत झाले, ही मोठी गोष्ट आहे, त्याने पोटे भरली. पण पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. माणशी पाच किलो धान्याबरोबर एक किलो डाळ बारा महिने मिळाली, तर माझ्यासारख्यांचे निम्मे टॉनिक आपोआप बंद होईल. सणासुदीला मिळत असलेल्या शिध्याने हे झाले नाही. मते मागायला येणाऱ्यांना एवढे एक विचारा.

आता शेवटचा मुद्दा, जो बाजाराच्या हिशेबात बसत नाही. कागद घेऊन गेलेल्या त्या बाई महिन्याने आल्या. पाकिटे बंद झाली होती, मूल जेवू लागले होते. मी विचारले, ‘‘ताई, अंडी कोण खातं?’’ म्हणाल्या, ‘‘दोघं पोरं, अन् हे.’’ ‘‘आणि तुम्ही?’’ त्या हसल्या. उसळही सगळ्यांची झाल्यावर भांड्याला लागलेली तेवढी त्यांच्या वाट्याला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नवऱ्याला बोलावून घेतले. पाठीवर पोती वाहणारा साधा माणूस. त्याला रक्ताचा रिपोर्ट दाखवला आणि सांगितले, ‘‘तुमच्या घरात सगळ्यांत कमी रक्त यांच्या अंगात आहे, आणि सगळ्यांत शेवटी जेवतात त्याही ह्याच.’’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘माझ्या ध्यानातच आलं नाही, साहेब.’’

मला वाटते, बहुतेक घरांत असेच असते. कुणी दुष्ट नसतो, ध्यानातच येत नाही. घरात पैसा कमी असला की वाटणीत ज्याचा नंबर शेवटी, त्याचेच ताट रिकामे राहते. म्हणून माझे सांगणे एवढेच. जे काही तीनशे-चारशे रुपये असतील ते आधी डाळ, दाणे, पालेभाजी आणि अंड्यांवर खर्च करा, उरले तर बाकीचे. आणि शिजलेले सगळ्यांनी एका पंक्तीला बसून, वाढून घेऊन खा. याला एक पैसा जास्त लागत नाही.

अडीच महिन्यांनी त्या बाईंचे हिमोग्लोबिन 10.4 झाले. गोळ्या अजून चालू आहेत. परवा आल्या तेव्हा त्यांनी सांगितले, ‘‘आता हे स्वतःच म्हणतात, आधी तुझं वाढून घे.’’

मी त्यांना टॉनिक लिहून दिले नाही. त्यांनीही मागितले नाही.