मट्टनचेरीच्या गल्ल्यांत

कोचीला जाणारी बहुतेक कुटुंबे एका दुपारीत शहर उरकतात. चिनी जाळ्यांपुढे फोटो, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाचे रिकामे थडगे (१५२४ साली त्याला इथे पुरले आणि १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले), मग ज्यू टाऊनमध्ये मिरी-वेलदोड्यांची खरेदी, की निघाली गाडी मुन्नारला. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी खरोखर पाहायची तर चपला झिजवायला हव्यात आणि थोडी रस्ता चुकण्याचीही तयारी हवी.

मल्याळम तर आहेच, पण याच गल्ल्यांत कोकणी, गुजराती, कच्छी, तमीळ, दखनी अशा कितीतरी भाषा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत बोलल्या जातात. कुणी व्यापारासाठी आले, कुणी जीव वाचवण्यासाठी, तर कुणाला मजुरीला आणले.

वेली भागातला धोबीखाना हे या शेवटच्यांचे ठिकाण. सैनिकांचे कपडे धुण्यासाठी डचांनी तमीळ मुलखातून वण्णान समाजाची कुटुंबे आणली, असे सांगतात. डच गेले, इंग्रज गेले, कपडे मात्र आजही इथे धुतले जातात. ओळीने बांधलेले धुण्याचे कप्पे, तांदळाच्या पेजेची खळ, इस्त्रीचे टेबल आणि समोर मोकळ्या जागेत दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींच्या रांगा. त्या दोऱ्या नीट पाहाव्यात. दोन दोऱ्या एकमेकींत पिळलेल्या असतात आणि त्यांच्या पेडांत कपड्याचे टोक खोवलेले असते. समुद्राचा वारा कितीही सुटला तरी चादर जागची हलत नाही. चिमट्यांवर पैसे घालवणाऱ्या कुठल्याही गृहिणीने ही युक्ती आपल्या गच्चीवर करून पाहायला हरकत नाही. मात्र तिथल्या माणसांना ‘जरा इकडे बघा’ म्हणत त्यांचे काम थांबवू नये. ते पोटासाठी काम करत असतात, पाहुण्यांसाठी नव्हे.

मट्टनचेरीच्या चेरळाई भागात मराठी माणसाला ओळखीची हाक ऐकू येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. मंदिर तिरुमल देवाचे, बोली कोकणी. याच समाजातल्या रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांनी, तसेच इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यानेही, मलबारच्या वनस्पतींची माहिती डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडला पुरवली. त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तिघा वैद्यांचे १६७५ सालचे कोकणी प्रमाणपत्र त्यात नागरी अक्षरांत आहे. म्हणजे हॉलंडात छापलेल्या लॅटिन ग्रंथाचे हे एक पान सातारा-सोलापूरच्या वाचकालाही अक्षरे लावून वाचता येईल!

तिथून चालत ज्यू टाऊन गाठावे. १५६८ मध्ये बांधलेल्या परदेशी सिनेगॉगच्या फरशीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी टाइल्स आहेत आणि शेजारी राजवाड्याच्या आवारातले भगवतीचे देऊळ. हा शेजार पाहून सर्वधर्मसमभावाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. पण जरा थांबावे. याच सिनेगॉगमध्ये गुलामांचे वंशज म्हणून काही ज्यूंना शतकानुशतके बरोबरीने बसू दिले जात नसे. त्यांच्यातच जन्मलेले वकील ए. बी. सालेम यांनी गांधीजींचा सत्याग्रह थेट प्रार्थनागृहात नेला, तेव्हा कुठे भिंती हलल्या. त्या गल्लीतल्या एका रस्त्याला आज सालेम यांचेच नाव आहे. पर्यटक ती पाटी न वाचताच पुढे जातात.

१९४८ नंतर इथले ज्यू हळूहळू इस्रायलला निघून गेले. त्यांच्या घरांत आता जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. एका घरात मात्र भरतकाम होत राहिले. तिथली वृद्धा शब्बाथच्या पावावर घालायचे रुमाल आणि प्रार्थनेच्या टोप्या हाताने भरून विकत असे. गल्लीत पोस्टकार्डे विकणारा एक मुसलमान मुलगा आपला माल तिच्या घरी ठेवायचा. पुढे म्हाताऱ्या यजमानांनी जाताना बायकोला त्याच्याच हवाली केले. त्याने तिला अखेरपर्यंत सांभाळले. भरतकामाचे दुकानही बंद पडू दिले नाही. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ती गेली. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही. म्हातारपणी कोण पाहणार, या धास्तीने मुलाचा हट्ट धरणाऱ्या आपल्याकडच्या घरांनी ही हकीकत जरूर ऐकावी.

ज्यू प्रथेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. स्थानिकांतून तेवढे केव्हाच उरले नाहीत. शनिवारी सिनेगॉग पर्यटकांना बंद असते. बाहेरगावचे ज्यू प्रवासी त्या दिवशी पुरेसे जमले, तरच आत प्रार्थनेचे सूर उमटतात.