न वाचलेल्या कागदावर सही नको!

सीमाभागातील मराठी माणसास कागदाचे महत्त्व कोणी नव्याने सांगावयास नको. १९५६ च्या १ नोव्हेंबर रोजी एका कायद्याच्या बळावर बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा मुलूख लोकेच्छेविरुद्ध परराज्यात ढकलण्यात आला. तेव्हापासून निवेदने, ठराव, महाजन आयोग आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा अशा कागदांच्याच वाटेने आमचा लढा चालला आहे. परंतु प्रांताच्या कागदाविषयी इतका जागरूक असलेला हा समाज घरच्या कागदाविषयी मात्र विलक्षण बेफिकीर आहे. हे कटू सत्य बोलून दाखविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

१९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध ज्यांनी लाठ्या झेलल्या, ती विशी-तिशीतील तरुण पिढी आज साठी-सत्तरीत आहे. गावठाणातील घर, चार-दोन एकर रान, पतसंस्थेतील ठेव, थोडे सोने आणि एखादी विम्याची पॉलिसी ही तिची जन्माची पुंजी. ही पुंजी दरोडेखोर नेत नाहीत. ती बक्षीसपत्राने, हक्कसोडपत्राने आणि वटमुखत्यारपत्राने जाते, आणि बहुधा भरल्या घरात, दिवसाढवळ्या जाते. 'आई, इथे अंगठा दे' एवढे शब्द त्यास पुरतात. त्यात आमच्या भागात आणखी एक संकट आहे. सरकारी दप्तर कन्नडात, बँकेचे आणि विम्याचे कागद इंग्रजीत, आणि सही करणारा मराठी शाळेत शिकलेला! आपण काय देऊन टाकले, हे त्या वृद्धास कळते तेव्हा उताऱ्यावरील नाव केव्हाच बदललेले असते. आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही. जो मजकूर सही करणाऱ्यास वाचता येत नाही त्यावर त्याची सही घेण्याच्या रिवाजाशी आमचे भांडण आहे.

या बाबतीत कायदा वृद्धांच्या बाजूने किती उभा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. प्रथम मृत्युपत्राचेच घ्या. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रास करणाऱ्याची सही वा अंगठा आणि दोन साक्षीदार एवढे पुरते. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, अमुक भाषेतच ते असावे असेही बंधन नाही. आपल्या मायबोलीत, आपल्या शब्दांत लिहिलेले मृत्युपत्र पूर्णपणे कायदेशीर असते. तरीही नोंदणी करावी हे उत्तम, कारण पुढील तंट्यात ती पुरावा म्हणून उभी राहते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, जी भाषा अधिकाऱ्यास समजत नाही आणि जिल्ह्यात सर्वसाधारणपणे वापरलीही जात नाही, त्याच भाषेतील दस्तास भाषांतराची अट आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्वसाधारणपणे वापरली जात नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? अडवणूक झालीच तर घटनेच्या ३५० व्या कलमान्वये राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. तो बजावावा. जो अंथरुणास खिळला आहे त्याच्या घरी येऊन दस्त नोंदविण्याची तरतूदही याच नोंदणी कायद्यात आहे.

मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील भेद मात्र प्रत्येक वडीलधाऱ्याने मनावर कोरून ठेवावा. मृत्युपत्र मृत्यूनंतर बोलते. जिवंत असेतो मालकी आपली राहते आणि मन बदलले तर ते कितीदाही बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी जाते आणि निव्वळ मन बदलले म्हणून ती परत येत नाही. तेव्हा जे मरणानंतर द्यावयाचे ते जिवंतपणी देण्याची घाई कशासाठी? मात्र वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत केवळ आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, याचेही भान असावे.

बक्षीसपत्र करणे भागच असेल तर 'देणाऱ्याचा आमरण सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे अशी अट मोडणाऱ्याच्या नावे झालेले हस्तांतर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. ही अट असल्याचे दिसून आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताने, उदारपणे लावावा असे सांगितले. तरी न्यायालयाच्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा एक ओळ अधिक लिहिलेली बरी.

विधवा मातांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. ज्या १९५६ साली आमचा मुलूख आमच्यापासून तोडला गेला, त्याच साली हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या पतीच्या मिळकतीत विधवेस मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा दिला. आणि आमच्या घरांतून काय होते? तेरावा उरकताच तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ज्या घरात तिचे आयुष्य गेले, त्याच घरात ती दुसऱ्या दिवसापासून आश्रित होते. मराठीच्या हक्कासाठी मोर्चात पुढे असणारे काही वीर घरी आईचा हक्क असा सोडवून घेतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

ठेवी आणि विमा यांचेही तसेच. बँक बुडाली तर व्याजासह पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीस ते नाही. म्हणून जास्त व्याजाच्या मोहाने सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणे हा शहाणपणा नव्हे. बँकेत ज्याचे नाव नामनिर्देशित, तो रक्कम स्वीकारणारा असतो. केवळ तेवढ्याने तो मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी वा मुले यांना नामनिर्देशित केल्यास सामान्यतः रक्कम त्यांचीच होते. म्हणून जुन्या पॉलिसीवरील नावे एकदा पाहून घ्यावीत. आरोग्यविम्याच्या माहितीपत्रकाची प्रत मागणी केल्यास स्थानिक भाषेत मिळावी, असा नियामकाचा दंडक आहे. ती मागावी. पॉलिसी पसंत नसेल तर हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

सरकारी योजनांवर सर्वस्वी विसंबूनही चालणार नाही. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तर कर्नाटकाने त्यास विरोध केला. आजाऱ्याच्या औषधातही सीमावाद आणणाऱ्या राज्यकर्त्यांस काय म्हणावे? केंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरी गाठलेल्या सर्वांसाठी पाच लाखांचे आरोग्यसंरक्षण सुरू केले. ते आपल्या भागात कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी दुखणे येण्यापूर्वीच करावी.

अखेरीस कार्यकर्त्यांस आमचे आवाहन. भाषेचा हक्क हा केवळ फलकांचा आणि परिपत्रकांचा प्रश्न नव्हे. सत्तरीची म्हातारी आपल्या छपराखाली राहते की देवळाच्या ओसरीवर जाते, हे एका कागदाच्या भाषेवर ठरते. म्हणून गल्लोगल्लीच्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वृद्धांचे कागद मराठीतून वाचून, समजावून देण्यासाठी राखून ठेवावी. आमच्यातील वकिलांनीही तेथे बसावे. वृद्ध स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा नोंदणीकृत संस्था निर्वाहाचा अर्ज न्यायाधिकरणापुढे करू शकते, असे कायदाच सांगतो. आणि वडीलधाऱ्यांनो, कागद पुढे करणारा पोटचा मुलगा असला तरी 'आधी मराठीत वाचून दाखव' असे म्हणण्यास संकोचू नका. ज्यांनी उभ्या राज्यसत्तेपुढे मान तुकविली नाही, त्यांनी आपल्याच ओसरीवर अंगठा पुढे करण्याची घाई का करावी?