महाग तपासणी आणि रोग्याची पुंजी

महाग ती वस्तू चांगली, हा बाजारातील समज आता वैद्यकक्षेत्रातही रूढ होऊ लागला आहे. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वी एम.आर.आय. करून घेण्याचा सल्ला मिळाला की, कुटुंब काही हजार रुपये उभे करण्याच्या मागे लागते. जीवापुढे पैशाचे काय, असे म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु प्रश्न पैसा खर्चावा की नाही हा नसून, तो कोठे खर्चिला असता जीव वाचण्याची शक्यता वाढते, हा आहे.

एम.आर.आय.चे सामर्थ्य वादातीत आहे. मॅमोग्राफीत व सोनोग्राफीत न दिसणारे ठिपकेही त्यात दिसतात. रोगाची व्याप्ती आधीच कळली तर एकाच शस्त्रक्रियेत काम भागेल, हे अनुमान तर्काला पटणारे होते. ब्रिटनमधील 45 केंद्रांत 1623 स्त्रियांच्या बाबतीत त्याची कसोटी घेण्यात आली. 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, एम.आर.आय. झालेल्या व न झालेल्या, अशा दोन्ही गटांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण शेकडा 19 इतकेच राहिले.

असे का व्हावे? एक तर दिसलेला प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो व त्यात दिवस जातात. तसे न करता केवळ भीतीपोटी संपूर्ण स्तन काढला गेला, तर जो अवयव वाचू शकला असता त्याला ती स्त्री विनाकारण मुकते. दुसरे असे की, गाठ काढल्यावर दिले जाणारे किरणोपचार मागे राहिलेल्या सूक्ष्म रोगाचा बराचसा बंदोबस्त करतात. इटली व अमेरिका येथे 1970 च्या दशकात सुरू झालेल्या दोन अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. केवळ गाठ काढलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात त्यांत फरक आढळला नाही.

याचा अर्थ ही तपासणी निरुपयोगी आहे, असा कोणी घेऊ नये. काखेत रोग सापडला पण स्तनात गाठ दिसत नाही, रोग विखरून वाढणाऱ्या ‘लोब्युलर’ प्रकारचा आहे, अथवा इतर तपासण्यांचा परस्परांशी मेळ बसत नाही, अशा वेळी ती मोलाची ठरते. आक्षेप आहे तो तिच्या सरसकट वापराला.

अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात, त्याचा विचार येथे अपरिहार्य होतो. एका कामी घातलेला रुपया दुसऱ्या कामी येत नाही. परभणीहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय रेल्वेने सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उपचारांचा भार उचलला, तरी सोबतच्या माणसाचा मुक्काम आणि दोघांची बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. किरणोपचार काही आठवडे चालतात. पुंजी आधीच तपासणीत संपली आणि उपचार अर्ध्यावर सुटला, तर त्या चित्राचा उपयोग काय?

उलट, स्वस्त उपायांचे मोल आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हाताच्या तपासणीने रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयोगट मिळून मृत्यूंत झालेली घट निर्णायक ठरली नाही; परंतु पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मृत्यू शेकडा सुमारे 30 ने घटले. याच संस्थेच्या पुढाकाराने भारतातील 11 केंद्रांत झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याचे साधे औषध टोचल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 86.4 वरून 90.1 वर गेले. या औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास!

परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याचे यश यंत्रांच्या किमतीवरून न मोजता, गावोगावच्या किती स्त्रियांची गाठ वेळीच तपासली गेली आणि किती जणींचा उपचार पुरा झाला, यावरून मोजले जावे. रोग्याच्या नातेवाइकांनीही डॉक्टरांना एक प्रश्न निःसंकोचपणे विचारावा : या तपासणीने आमच्या उपचारात नेमका कोणता बदल होणार आहे? उत्तर स्पष्ट मिळाले तर पैसे जरूर खर्चावेत. ते न मिळाल्यास तीच रक्कम पुढील उपचारासाठी राखून ठेवण्यात खरा शहाणपणा आहे.