बाटलीवरचं साल

शॅम्पेन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उडालेलं बूच, फेसाचा फवारा आणि नखशिखांत भिजलेले विजेते. १९६७ साली ल मान्सची शर्यत जिंकल्यावर डॅन गर्नीने बाटली हलवून आसपासच्यांवर फवारली आणि पुढे ती प्रथाच पडली. फवारायला माझी हरकत नाही. पण ज्या बाटलीवर साल छापलेलं असतं तिचं असं करू नये, आणि तिला वर्षानुवर्षं कपाटात कोंडून तर मुळीच ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी हे सालाचं प्रकरण काय ते सांगते. ईशान्य फ्रान्समधला शॅम्पेन प्रांत द्राक्षांसाठी तसा थंडच. एखाद्या वर्षी फळ छान पिकतं, एखाद्या वर्षी पाऊस आणि गारठा घात करतात. म्हणून तिथल्या बहुतेक बाटल्यांत वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळतात. चव दरवर्षी सारखी लागावी, एवढाच हेतू. आपल्या चहा पावडरीसारखंच! हंगाम मनासारखा झाला की मात्र त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांची वाइन वेगळी करून लेबलवर साल घालतात. ही झाली व्हिंटेज शॅम्पेन. नियमाप्रमाणे ती किमान ३ वर्षं तळघरात ठेवावी लागते. साधीला १५ महिने पुरतात. नामांकित घराणी तर त्याहूनही बरीच जास्त थांबतात.

या काळात बाटलीत होतं काय? दुसऱ्यांदा आंबवताना घातलेलं यीस्ट साखर खाऊन टाकतं, त्यातून बुडबुडे तयार होतात, आणि मग ते यीस्ट मरून खाली बसतं. त्याच्या पेशी हळूहळू फुटून वाइनमध्ये उतरत जातात. ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा जो वास येतो तो यातूनच. म्हणजे आपण पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी या थांबण्याचे.

आणि मग आपण काय करतो? बाटली बर्फात गारेगार करतो, उंच निमुळत्या ग्लासात ओततो, 'चीअर्स' म्हणून दोन घोटांत संपवतो. बुडबुडे दिसतात छान, पण नाक आत जात नाही आणि गारठ्यात वास वर येत नाही. मी २००८ सालची पोल रॉजे चाखली आहे. पिनो न्वार ६० टक्के, शार्दोने ४० टक्के. फ्रीजमधून काढल्या काढल्या नुसती लिंबासारखी आंबट लागली. पांढऱ्या वाइनच्या पोटाकडे रुंद ग्लासात पाव तास राहू दिली, तेव्हा कुठे सफरचंद, पाव, बदाम एकेक करून पुढे आले. १० ते १२ अंश तापमान तिला मानवतं. तो धारदार आंबटपणा मात्र शेवटपर्यंत होता, कारण २००८ चा हंगाम थंड होता. २००३ च्या उष्णतेच्या लाटेतल्या द्राक्षांत तो कमी भरला. साल वाचायचं ते यासाठी, भाव खाण्यासाठी नव्हे.

आता कपाटाविषयी. 'एवढी महागाची वस्तू, मोठ्या प्रसंगालाच काढू' हे आपलं घरोघरचं तत्त्वज्ञान. पैठणी घडीवर विरते, तरी ती कपाटातच! २०१० साली बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षांची ती शॅम्पेन त्यातल्या काही बाटल्यांत अजून पिण्याजोगी होती, असं कुणी तरी ऐकवतंच. अहो, पण ती समुद्राच्या तळाशी अंधारात आणि थंडीत होती! आपलं कपाट मुंबईचा मे महिना सोसतं. तिथे मुलीच्या लग्नापर्यंत ठेवलेल्या बाटलीतून बुडबुडे गेलेलं, शिळकट पाणीच निघण्याची शक्यता जास्त.

तेव्हा मंडळी, कुणी परदेशाहून अशी बाटली आणून दिली असेल तर प्रसंगाची वाट पाहू नका. एखाद्या रविवारी चार जिवाभावाची माणसं बोलवा, सोबत खारे काजू ठेवा आणि तासभर निवांत बसा. ७५० मिलीत पाच जणांचं व्यवस्थित भागतं. आणि पाचवं माणूस कमी पडत असेल तर मला फोन करा!