शब्दांचीं कुळें : देवळालीचा ताप

नाशिकजवळची देवळाली आमच्या वाचकांस हवा पालटण्याचें ठिकाण म्हणून परिचित आहे. परंतु तिचें नांव इंग्रजी कोशांत जाऊन बसलें असून तेथें त्याचा अर्थ ‘वेडसर’ असा होतो, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

इंग्लंडांत एखाद्याचें डोकें फिरलें म्हणजे तो ‘डूलॅली’ झाला असें आजहि म्हणतात. जुन्या गोऱ्या शिपायांच्या तोंडीं हा शब्द पुरता होता : ‘डूलॅली टॅप’. शिपाई व खलाशी यांच्या बोलीचा जो कोश फ्रेझर व गिबन्स यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत तो नोंदलेला आहे.

पूर्वार्ध उघड आहे. इंग्रजी जिभेला आपला ‘ळ’ कोठून साधणार! उत्तरार्ध मात्र फसवा. हा ‘टॅप’ म्हणजे इंग्रजींतली टिचकी नव्हे. हिंदुस्थानींतला ‘तप’, म्हणजे ज्वर. तो फारसी घराण्याचा. आपल्या ‘तापा’चा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खास. इंग्लंडांत ऐकणारास ती डोक्यावर बसलेली टिचकीच वाटली असावी, आणि पुढें ती गळूनहि पडली.

पण हा ताप देवळालीसच कां यावा? तेथें लष्कराची छावणी होती व नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तेथें स्वदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत राहत. जहाजें मुंबईहून ऑक्टोबर ते मार्च एवढ्या काळांतच सुटत. ज्याची मुदत मार्चअखेर संपे, त्यास सारा उन्हाळा व पावसाळा तेथेंच कंठावा लागे. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायानें ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ सालच्या आठवणींत हें सांगितलें आहे. हातीं शस्त्र नाहीं, नेमलेलें काम नाहीं. कधींमधीं एखादी कूच, इतकेंच. पूर्वी ज्यांच्या वर्तनास डाग लागला नव्हता, असेहि कांहीं शिपाई तेथें गुन्हे करून तुरुंगांत गेले. कोणी विचित्र वागूं लागला कीं सोबती म्हणत, यास देवळालीचा ताप चढला!

आपणहि ‘याला ठाण्यास पाठवा’, ‘येरवड्यास धाडा’ असें म्हणतोंच. पण तेथें वेड्यांचीं इस्पितळें आहेत. देवळालीस हें नांव मिळालें तें निव्वळ वाट पाहण्यानें, व म्हणून या थट्टेच्या शब्दाची आम्हांस थोडी कींवच वाटते. तो आज सहज उच्चारणाऱ्या बहुतेक इंग्रजांस देवळाली नांवाचें गांव आहे याचीहि वार्ता नसते.