निदानपरिवर्जन आणि नगररचना

संक्षेपाने चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे सुश्रुताचार्यांचे सूत्र आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु रोगाचा हेतू रुग्णाच्या आहारविहारात नसून त्याच्या घराच्या रचनेत असेल, तर परिवर्जन कोणी करावे? मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतात.

गोवंडी-मानखुर्द परिसरातील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींची तुलना ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तेथीलच पीएमजीपी वसाहतीशी केली. २०१८ मध्ये पुढे आलेल्या या अभ्यासात पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण पीएमजीपीपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळले. खालच्या मजल्यांवरील रहिवाशांना धोका अधिक होता. कारण उघड आहे. नटवर पारेखमधील सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या घरांत ना ऊन पोहोचते, ना वारा खेळतो.

हे ज्ञान नवीन नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. इमारतीची उंची समोरील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, असा त्याचा साधा अर्थ. त्या हिशेबाने तीन मीटरच्या अंतरावर सहा मीटर, म्हणजे दोन मजलेच उभे राहू शकतात. शंभर वर्षांपूर्वी उमगलेली मर्यादा सवलतींच्या नावाखाली आपण ओलांडली.

सुश्रुतसंहितेत औपसर्गिक रोगांत शोषाची गणना असून निःश्वास, सहशय्या, सहभोजन हे त्याच्या संक्रमणाचे मार्ग सांगितले आहेत. चरकाचार्यांनी रुग्णगृह निवात, पण एका भागात वारा खेळता असलेले असावे, असे सांगितले आहे. झोतापासून संरक्षण आणि वायूचे चलनवलन या दोहोंचा हा समतोल आहे. एका खोलीत पाच-सहा माणसे आणि खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसरी भिंत असेल, तर तो साधणार कसा?

जमीन महाग आहे, झोपडीपेक्षा पक्के घर बरे, हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. नळ, शौचालय आणि पक्के छप्पर यांचे मोल मोठे आहे. घराचे क्षेत्रफळही २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर गेले, हे स्वागतार्हच. तथापि २०१८ च्या विकास नियंत्रण नियमावलीत पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ६५० सदनिकांची घनता अपेक्षित आहे. घरे किमान किती असावीत हे आकड्यात सांगणारा नियम खोलीत ऊन किमान किती वेळ यावे, हे सांगत नाही. चौरस फूट वाढले, पण प्राणवायूचा मार्ग रुंदावला नाही, तर आरोग्य वाढणार नाही.

म्हणून संघटनेने पुढील भूमिका घ्यावी, असे माझे नम्र मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियमावलीतील फेरबदलांवर हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत वैद्यांचा अभिप्राय लेखी जावा. सर्वांत खालच्या मजल्यावरील प्रकाश व वायुवीजनाची तपासणी झाल्याशिवाय आराखड्यास मंजुरी नसावी, ही आपली पहिली मागणी असावी.

प्रत्येक वैद्याने देशपरीक्षणात रुग्णाचा मजला, खिडकीसमोरील अंतर आणि खोलीतील माणसांची संख्या नोंदवावी. अशा नोंदी जमल्यास आपला अभिप्राय केवळ शास्त्रवचनांवर नव्हे, तर प्रत्यक्षावर उभा राहील. औषधी दुकानदार बंधूंनीही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या ग्राहकास केवळ अवलेह न देता थुंकी तपासणीस पाठवावे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे, याचेही स्मरण असावे. रुग्णाचे सुरू असलेले क्षयविरोधी औषध खंडित होऊ न देता वासा, च्यवनप्राशादि रसायनांची जोड द्यावी.

बलवर्धन आपल्या हाती आहे. हेतू मात्र भिंतींत आहे. त्या भिंती कोठे उभ्या राहाव्यात, या चर्चेत वैद्याचा आवाज असलाच पाहिजे.