आधी मशीन आणा, मग फुंकायला सांगा



मागच्या अंकात आपल्या एका साथीनं नाकाबंदीवर लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की हायवेवरचे नाके म्हणजे गरिबाचा खिसा कापायची जागा आहे, म्हणून आपण "नाके बंद करा" ही मागणी घ्यावी. उंब्रजच्या बैठकीतही हेच बोलणं झालं आणि बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. का ते तिथं नीट सांगता आलं नाही, बोलायला उभी राहिले की माझा घसा सुकतो. म्हणून लिहिते.

आधी आमच्याबरोबर काय झालं ते. ऊस संपत आला होता त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या वाडीच्या सात वनहक्क दाव्यांची वरच्या समितीपुढं अकरा वाजता सुनावणी होती. खालून नामंजूर होऊन आलेले दावे, अपील मुदतीत केलेलं. वाडीवर एसटी येत नाही. खालच्या फाट्यापर्यंत येते, ती पण तिच्या मनाला येईल तेव्हा. म्हणून वाडीतलाच पिकअप सांगितला. मागं तेरा माणसं, पुढं गाडीवाला आणि फायली मांडीवर घेऊन मी. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, हा कायदा आम्ही मोडला. हे मी आधीच कबूल करते, नाहीतर पुढच्या अंकात कुणीतरी ते काढणारच.

मल्हारपेठवरून उंब्रजला उतरलो. चहा घेतला, दोन झेरॉक्स राहिल्या होत्या त्या काढल्या आणि हायवेला लागलो. पुढं एका नाक्यावर हात दाखवला. कुणाच्या हद्दीतला नाका ते लिहीत नाही. नाव लिहिलं तर फार तर एका साहेबाची बदली होईल, नाका आहे तसाच राहील.

सव्वानऊ वाजले होते. लायसन दाखवलं, गाडीचे कागद दाखवले, सगळं नीट होतं. हवालदार मागं गेला, फाळका पाडून आत बघितलं. आमचा आजा तिथंच टेकून बसला होता, सात दावेदारांतला सगळ्यात म्हातारा. त्यानं सकाळी अर्धा ग्लास घेतला होता. कंबर धरली की घेतो. त्याचा वास आला. झालं.

"कुठनं आलासा?"

वाडीचं नाव सांगितलं.

"कातकरी काय?"

"होय."

"मग डायवर पण टाकूनच बसला असंल. उतर रं खाली."

गाडीवाल्याला उतरवलं आणि फुंकर मारायला लावली. कशात? हवालदाराच्या ओंजळीत. मशीन नव्हतं, ते म्हणे चौकीत चार्जिंगला लावलंय. एकानं वास घेतला, तो म्हणाला येतोय. दुसऱ्यानं घेतला, तो म्हणाला तंबाखूचा असंल. तरी किल्ली काढून घेतली आणि आम्हाला कडेला बसवलं. आम्ही बसलो असताना एक पांढरी मोठी गाडी थांबली. काच खाली झाली, काहीतरी बोलणं झालं, काच वर गेली, गाडी गेली. त्यांना कुणी फुंकायला सांगितलं नाही. त्यांनी पिली होती असं माझं म्हणणं नाही. मला माहीत नाही, आणि नाक्यावरच्यांनाही माहीत नाही, कारण त्यांनी बघितलंच नाही. आमचं मात्र त्यांना जात विचारल्यावर लगेच कळलं.

मी बारावी शिकले आहे. शिबिरात कलमं लिहून घेतलेली वही माझ्या पिशवीत होती. मी म्हटलं, "साहेब, मशीन आणा, नाहीतर दवाखान्यात न्या." तर म्हणाले, "तू वकील हायस का?" आणि मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू. मागं बायका होत्या, म्हातारा होता, घड्याळ पुढं चाललं होतं. बारानंतर दुसरे साहेब आले. "दोन हजार भरा आन जावा, न्हायतर केस करतो, दहा हजार बसत्यात." परतीच्या डिझेलचे, झेरॉक्सचे, आजाच्या गोळ्यांचे असे मिळून साडेनऊशे निघाले. ते घेतले. पावती नाही. बारा वीसला सुटलो. पोचलो तेव्हा पुकारा होऊन गेला होता, आणि कागदावर लिहिलेलं मी स्वतः वाचलं: अर्जदार गैरहजर.

म्हणजे बघा, ज्या जमिनीवर आजाच्या बापानं नाचणी पेरली, तिचा दावा एका हवालदाराच्या नाकानं अडवला.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८५ दारू पिऊन गाडी चालवण्याचं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू असली तर गुन्हा, आणि ती श्वासाच्या मशीनवर किंवा तपासणीत दिसायला पाहिजे. ओंजळीत नाही. हे कलम गाडी चालवणाऱ्याला लागतं, मागं बसलेल्या म्हाताऱ्याच्या वासावरून चालवणाऱ्याला लागत नाही. कलम २०३ प्रमाणं गणवेशातला पोलीस संशयाला रास्त कारण असलं तर श्वास तपासायला सांगू शकतो, आणि तेव्हा आपण नाही म्हणायचं नाही. तो त्याचा अधिकार आहे. पण कातकरी असणं हे रास्त कारण होत नाही. कलम २०२ असं सांगतं, की १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर सोडलं पाहिजे. आमचा गाडीवाला तीन तास पाच मिनिटं बसला. अटक केली असं कुणी म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक गाडीवाल्यानं पाठ करावी. दारूच्या केसमध्ये जागेवर पैसे भरून मिटवायची सोयच कायद्यात नाही. ती केस कोर्टात जाते. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे रस्त्यावर जो "एवढे द्या आणि जावा" म्हणतो, तो दारूचा दंड घेतच नसतो. आमची चूक खरी तर माणसं भरल्याची होती. त्याची पावती फाडली असती तर मी एक शब्द बोलले नसते. त्याबद्दल तीन तासांत कुणी ब्र काढला नाही!

इथं आपला साथी म्हणेल, बघ, तूच सांगतेस नाका कसा आहे, मग बंद करा म्हणायला काय हरकत?

हरकत आहे. माझ्या आत्याचा मुलगा उंब्रजकडं वीटभट्टीवर होता. संध्याकाळी सायकलवरून परत येताना ऊसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. दोन ट्रॉल्या भरलेल्या, मागं लाल दिवा नाही, आणि चालवणारा पिऊन तर्र. तो चालवणाराही पोटासाठी लांबून आलेला, दोन रात्री झोपलेला नव्हता, त्याच्यावर माझा राग आता राहिलेला नाही. पण त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर एक नाका असता, मशीन घेऊन उभा, तर त्याला खाली उतरवला असता आणि आत्याचा मुलगा भाकरी खायला घरी आला असता. मरणारे कोण असतात हे पण बघा. काचा वर करून जाणारे कमी. चालत जाणारे, सायकलवाले, ट्रॉलीच्या वर ऊसावर झोपलेली ऊसतोडीची पोरं, पिकअपच्या मागं बसलेल्या आम्ही.

आणि बैठकीत "नाके बंद करा" म्हणणारे सगळे पुरुष होते, हे मी मोजलं होतं. बायका मागं बसून ऐकत होत्या. त्यांना विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. दारूचं दुकान हटवायला उभी बाटली आडवी बाटलीचं मतदान करायला रांगेत बायकाच उभ्या राहतात. घरी पिऊन येणाऱ्याचं काय होतं ते त्यांना माहीत आहे. गाडी घेऊन पिऊन येणाऱ्याचं पण माहीत आहे.

आमचा गाडीवाला पीत नाही असंही मी म्हणणार नाही. पितो. त्या दिवशी पिला नव्हता. काही साथी मला म्हणाले, त्याला माळकरी म्हणून लिही, म्हणजे लेख जोरात होईल. का लिहू? जो कधीच पीत नाही त्यालाच न्याय आणि जो कधीतरी पितो त्याला ओंजळीत फुंकायचं, असं आहे का? मशीन दोघांना सारखंच आकडा दाखवतं. म्हणून तर मला मशीन पाहिजे. मशीन जात विचारत नाही, नाक विचारतं.

ही विचारायची सवय जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारधी भावांना विचारा, हजेरी, पास, गाव सोडायचं तर परवानगी. १९५२ ला तो कायदा रद्द झाला. पण अजून कुठं चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर गाडी जाते, आणि वास आला की कातकऱ्याला उतरवतात. जंगलाच्या नाक्यावर पण तेच. शिकेकाईचं पोतं घेऊन उतरलं की "पास कुठाय?" वनहक्काच्या नियमांत २०१२ ला दुरुस्ती झाली, गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीनं द्यायचा असं त्यात आहे. तो कागद दाखवला तर उलटा धरून वाचतात. यावर वेगळं लिहीन, इथं जागा नाही.

सरकारचं पण बघा. सुप्रीम कोर्टानं १५ डिसेंबर २०१६ ला सांगितलं, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, कारण माणसं मरतात. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांच्या आतल्या वस्तीसाठी ते २२० मीटर झालं. पुढं शहरांनाही सवलत मिळाली. आमच्या जमिनीच्या दाव्यात एक कागद कमी पडला तर वर्षं जातात, आणि तिथं साडेतीन महिन्यांत मीटर कमी झाले. दुकानाला परवाना सरकारचा, त्यातला कर सरकारचा, आणि पुढं उभा केलेला नाका पण सरकारचा. तरी मशीन घ्यायला पैसे नाहीत, चार्जिंगला लावलंय.

म्हणून माझं म्हणणं, मागणी बदला. प्रत्येक दारूच्या नाक्यावर चालू मशीन पाहिजे. तपासायची तर ओळीनं तपासा, पांढरी गाडी आणि आमचा पिकअप दोन्ही. आकडा चालवणाऱ्याला दाखवा. आकडा नसेल तर किल्ली परत. लायसन घेतलं तर त्याची पोच द्या, ती द्यायचीच असते, कलम २०६. हा ठराव आमच्या ग्रामसभेनं घेतला आहे, तुमच्याही घ्या, आणि पोलीस अधीक्षकांकडं टपालानं नाही, हातानं द्या, शिक्का मारून घ्या.

ठरावात दुसरी ओळ पण आहे, आणि तिच्यावर वाडीत लई भांडण झालं. वाडीचा कुणी पिऊन गाडीवर बसला तर त्याला सोडवायला चळवळ जाणार नाही. दोघं जण उठून गेले. आजा मात्र बसून राहिला आणि म्हणाला, "लिव्हा. आन मागं बसणाऱ्यानं पण सुनावणीच्या दिवशी पिऊ नये, ते बी लिव्हा." ते पण लिहिलं.

सुनावणीचं सांगायचं राहिलं. बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय अर्ज अर्जदाराच्या विरोधात निकाली काढता येत नाही, असं वनहक्क कायद्याच्या कलम ६ मध्येच आहे. ते धरून आम्ही अर्ज दिला, त्यात नाक्यावरची वेळ सव्वानऊ ते बारा वीस अशी लिहिली. नवी तारीख मिळाली आहे. या वेळी आदल्या रात्रीच खाली उतरून उंब्रजला मुक्काम करणार, सकाळची पहिली एसटी धरणार. ज्या वाड्यांचे दावे त्याच दिवशी आहेत त्यांनी आमच्याबरोबर यावं. भाकरी आपापली आणावी, आणि वही.